समुद्राचे पाणी आणि लोणारचे पाणी

काही वर्षांपूर्वी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शाळेच्या सहलीबरोबर आम्ही लोणारच्या विवराच्या काठावर उभे होतो. खाली हिरव्या झाडीच्या कड्यात गोलाकार सरोवर दिसत होते. "पाणी खारं आहे," असे बाईंनी सांगताच नववीतला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे पूर्वी इथं समुद्र असणार!" बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या. बाईंनी आमच्याकडे पाहिले. "नाही, इथे समुद्र नव्हता," असे आम्ही सांगितले खरे, पण पुढचा प्रश्न लगेच आला : "मग मीठ कुठून आलं?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देणे आम्हाला जमले नाही. त्या दिवशी राहून गेलेले उत्तर या लेखात सविस्तर द्यायचा प्रयत्न आहे.

त्या मुलाचा तर्क काही वाईट नव्हता. खारे पाणी आणि समुद्र यांची जोडी आपल्या मनात पक्की असते. पण हाच तर्क उलटा करून पाहिला तर अधिक चांगला प्रश्न मिळतो : समुद्र तरी खारा का आहे? समुद्राला मिळणाऱ्या सगळ्या नद्या तर गोड्या पाण्याच्या आहेत.

इथे समुद्र होता का?

आधी मुलाच्या शंकेचा निकाल लावू. लोणारपासून अरबी समुद्राचा किनारा सरळ रेषेत जवळजवळ ४०० किलोमीटर दूर आहे. लोणारचा खडक म्हणजे आपला नेहमीचा काळा पाषाण, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर जमिनीवर पसरून तो तयार झाला. दोन थरांच्या मधल्या काळात जी तळी साचली, त्यांच्या गाळात विदर्भात अनेक ठिकाणी गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडतात. लाव्हा पसरत होता तेव्हा इथे जमीन आणि तळी होती.

विवर त्यानंतर खूप उशिरा तयार झाले. ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ साली लोणारची नोंद केली, आणि पुढे दीर्घकाळ हे ज्वालामुखीचे मुख असावे असे अनेकांना वाटत होते. सरोवराच्या तळाखाली छिद्रे पाडून केलेल्या तपासणीनंतर १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने चित्र स्पष्ट झाले. सुमारे १०० मीटर गाळाखाली चुरडलेला बेसाल्ट सापडला आणि त्यात मास्केलिनाइट नावाची काच मिळाली. खनिजाला प्रचंड दाबाचा धक्का बसला तरच अशी काच तयार होते. म्हणजे हे विवर अशनीच्या आघाताने झालेले आहे. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे मानले जाई. पुढे आरगॉन पद्धतीने केलेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. यांपैकी कोणतेही वय धरले तरी त्या काळात इथे समुद्र नव्हता. लवणासुराचा विष्णूने वध केला आणि त्यातून हे खारे पाणी झाले, ही कथा गावात सांगतात. दैत्यसूदनाचे सुंदर मंदिरही गावात आहे. या पाण्याचे खारेपण किती जुन्या काळापासून लोकांच्या विचारात आहे, ते या कथेवरून कळते.

दोन ताटल्या

आता दोन्ही पाणीसाठ्यांची मापे घेऊ. पृथ्वीवरच्या सर्व महासागर-समुद्रांचे क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी १० लाख चौरस किलोमीटर आहे. त्यांचे आकारमान सुमारे १३३ कोटी ५० लाख घन किलोमीटर भरते. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की सरासरी खोली मिळते : सुमारे ३.७ किलोमीटर.

लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. तळातल्या सरोवराचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर, म्हणजे क्षेत्रफळ १.१ चौरस किलोमीटरच्या आसपास. विवर जवळजवळ १४० मीटर खोल असले तरी पाणी मात्र उथळ आहे, काही मीटरच. ते पावसाप्रमाणे कमीजास्त होते. हिशेबासाठी आपण सरासरी खोली ४ मीटर धरू. मग पाण्याचे आकारमान ४४ लाख घनमीटर येते. समुद्रात अशी सुमारे ३० हजार कोटी सरोवरे मावतील.

एवढ्या मोठ्या संख्येने मुलांना फारसे काही कळत नाही. त्याऐवजी दुसरे गणित घालावे. सगळा समुद्र एका गोल ताटलीत ओतला अशी कल्पना करा. ३६ कोटी १० लाख चौरस किलोमीटरच्या वर्तुळाचा व्यास सुमारे २१,४०० किलोमीटर येतो आणि खोली फक्त ३.७ किलोमीटर. आता ही ताटली त्याच प्रमाणात लहान करत लोणारच्या सरोवराएवढी, म्हणजे १.२ किलोमीटर रुंद करा. तिच्यातले पाणी किती खोल असेल? अंदाज सांगायला लावा आणि मग गणित करायला सांगा. उत्तर आहे सुमारे २१ सेंटिमीटर! घोट्याच्या थोडे वर. म्हणजे रुंदीच्या मानाने पाहिले तर आपले "उथळ" लोणार सरोवर समुद्राच्या जवळजवळ वीसपट खोल आहे. हीच ताटली वहीच्या ३० सेंटिमीटर लांब पानाएवढी केली, तर समुद्राची खोली त्या पानाच्या जाडीपेक्षाही कमी भरेल.

समुद्र म्हणजे पृथ्वीवर पसरलेला पाण्याचा एक पातळ पापुद्रा आहे. या गोष्टीकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

मीठ येते कुठून?

पावसाचे पाणी हवेतून खाली येताना आणि मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते. त्यामुळे ते अगदी सौम्य आम्ल बनते. हे आम्ल खडकाला झिजवते. आपल्याकडच्या बेसाल्टातून त्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे आयन उतरतात आणि सोबत बायकार्बोनेट तयार होते. आपल्या विहिरीचे पाणी आपण "गोडे" म्हणतो, पण तेही थोडेसे खारट असतेच. ते आपल्या जिभेला कळत नाही, इतकेच. बोअरचे पाणी तापवलेल्या भांड्याला आतून जो पांढरा थर धरतो, तो याच विरघळलेल्या क्षारांचा.

नदीचे पाणी हे क्षार घेऊन पुढे जाते. वाटेत तलाव असला, तर एका बाजूने क्षार येतात आणि दुसऱ्या बाजूने निघून जातात. तलाव गोडाच राहतो. पण पाण्याला पुढे वाटच नसेल तर? तेव्हा पाणी एकाच मार्गाने बाहेर जाऊ शकते, वाफ होऊन. आणि वाफेबरोबर क्षार जात नाहीत.

धूमकेतूमुळे ज्याचे नाव सर्वांना माहीत आहे, त्या एडमंड हॅलीने १७१५ साली नेमकी हीच गोष्ट मांडली. ज्या सरोवरांतून एकही नदी बाहेर पडत नाही ती खारी असतात, हे त्याने कॅस्पियन आणि मृत समुद्राच्या उदाहरणांवरून दाखवले. समुद्र हेही असेच एक बाहेर वाट नसलेले सरोवर आहे, असे तो म्हणाला. मग समुद्राचे खारेपण दर काही शतकांनी मोजत गेलो, तर वाढीच्या वेगावरून त्याचे वय काढता येईल, अशीही त्याची कल्पना होती. प्राचीन ग्रीकांनी तसे मोजून ठेवले नाही याची त्याला हळहळ वाटली.

हॅलीने लोणार पाहिले नव्हते. पाहिले असते, तर त्याला याहून नेमके उदाहरण मिळाले नसते. चारही बाजूंनी उंच कडा आणि बाहेर जाणारा एकही ओढा नाही. ईशान्येच्या बाजूने "धार" नावाचा बारमाही झरा वाहतो. त्याचे पाणी गोडे आहे आणि गावकरी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. तेच पाणी खाली सरोवरात उतरले, तिथे वर्षानुवर्षे आटत राहिले, की खारे होते. मीठ आणायला समुद्राची गरज नाही. पाऊस, खडक, ऊन आणि बंद दार एवढ्यावर काम भागते.

समुद्राचा काही अंश मात्र लोणारला खरोखरच पोचतो. लाटांच्या तुषारांतून हवेत गेलेले मिठाचे सूक्ष्म कण मोसमी वारे आत घेऊन येतात आणि ते पावसाबरोबर खाली पडतात. राजस्थानातल्या सांभर सरोवरातल्या मिठाचा उगम शोधताना हॉलंड आणि ख्रिस्ती या शास्त्रज्ञांनी १९०९ साली वाऱ्याने येणाऱ्या मिठाकडे लक्ष वेधले होते. अशा रीतीने वर्षाला येणारे मीठ अगदी थोडे असते, पण बंद दाराच्या खोलीत थोडे थोडेही साठत जाते.

खारेपणातला फरक

"दोन्ही खारी, मग दोन्ही पाणी सारखेच का?" हा यापुढचा प्रश्न. उत्तर आहे, मुळीच नाही.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड सुमारे १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम. बायकार्बोनेट जेमतेम ग्रॅमच्या एक दशांशाएवढे. लोणारच्या पाण्याचे खारेपण पातळीप्रमाणे बदलते, पण अलीकडच्या दशकांतल्या बहुतेक मोजमापांत ते समुद्रापेक्षा कमीच आढळले आहे. मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, लोणारच्या पाण्यात भरपूर आहे. मात्र त्याच्या जोडीला सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट, म्हणजेच सोडा, मोठ्या प्रमाणावर आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मात्र फार थोडे.

याचा परिणाम सामूवर, म्हणजे पीएचवर दिसतो. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ असतो, लोणारचा साधारण १० किंवा त्याहून थोडा अधिक. फरक फक्त दोनचा दिसतो, पण सामूच्या मोजपट्टीवर दर एका पायरीला दहापट फरक पडतो. त्यामुळे समुद्राच्या मानाने लोणारच्या पाण्यात हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे शंभरावा हिस्सा आहे. हे पाणी बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते. अकबराच्या काळातल्या "ऐन-ए-अकबरी"त काच आणि साबण करण्यासाठी लागणारे पदार्थ या डोंगरांत मिळतात अशी नोंद आहे. उन्हाळ्यात पाणी हटले की काठावर जमणारे क्षार पूर्वी गोळा करून विकले जात. त्यांच्या प्रतींना पापडी, भुस्की, डल्ला अशी नावे होती.

मग एकाच्या पाण्यात सोडा साठला आणि दुसऱ्याच्या नाही, हे का? यासाठी एक साधा हिशेब आहे. पाणी आटू लागले की सर्वांत आधी कॅल्शियम आणि कार्बोनेट यांची जोडी जमते. ही जोडी पाण्यात फारशी विरघळत नाही. चुनखडी होऊन ती तळाशी बसते. मॅग्नेशियमही पुढेमागे हाच रस्ता धरते. वर्गातून मुलांना दोन रांगांतून एकेक घेऊन जोडीने बाहेर पाठवायचे आहे असे समजा. एका रांगेत ३० मुले आणि दुसरीत ४० असतील, तर शेवटी आत फक्त दुसऱ्या रांगेतली १० उरतील. सुरुवातीला कोण जास्त होते, यावर शेवटी कोण उरणार हे ठरते.

बेसाल्टातून येणाऱ्या पाण्यात बायकार्बोनेटची रांग कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या रांगेपेक्षा मोठी असते. त्यामुळे लोणारमध्ये कॅल्शियम संपले आणि कार्बोनेट उरले. उरलेल्या कार्बोनेटला सोबत मिळाली ती सोडियमची, आणि ही जोडी पाण्यात सहज विरघळते. तोच सोडा. समुद्रात गोष्ट उलट आहे. जगभरच्या नद्या चुनखडीच्या प्रदेशांतूनही वाहतात आणि भरपूर कॅल्शियम आणतात. विद्युतभाराच्या हिशेबाने पाहिले तर समुद्रातले कॅल्शियम हे बायकार्बोनेटच्या सुमारे नऊपट आहे. तिथे कार्बोनेटची रांग लहान. शिंपले, प्रवाळ आणि असंख्य सूक्ष्मजीव कवचे बांधण्यासाठी ते वापरत राहतात आणि सोडा कधीच साठू शकत नाही. समुद्राचे क्लोराइड मोठ्या प्रमाणात पृथ्वीच्या बालपणातल्या ज्वालामुखींच्या वायूंमधून आलेले आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

लोणार हे अभयारण्य आहे, तिथले पाणी किंवा क्षार आणायला जाऊ नये. वर्गात पुढील दोन गोष्टी सहज करता येतील.

पहिली, हळदीचा कागद. टीपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. एका पेल्यात लिटरला सपाट सहा चहाचे चमचे या प्रमाणात मिठाचे पाणी करा, हा आपला समुद्र. दुसऱ्यात धुण्याचा सोडा अर्धा चमचा विरघळवा, हे आपले लोणार. हळदीचा कागद पहिल्यात पिवळाच राहील, दुसऱ्यात लालसर होईल. खऱ्या समुद्राचे पाणी थोडे अल्कधर्मी असले तरी हळदीचा रंग बदलण्याइतके नसते. मीठ जास्त असलेल्या पेल्यात रंग बदलत नाही आणि थोड्या सोड्याने बदलतो, यावर चर्चा घडवावी. "खारे" आणि "अल्कधर्मी" हे दोन वेगळे गुण आहेत, हे इथे पक्के होते.

दुसरी, जोडीने बाहेर पडणे. बोअरचे जड पाणी एका काचेच्या पेल्यात घ्या. त्यात सोड्याचे गाळलेले द्रावण घाला. पाणी गढूळ होईल आणि काही वेळाने तळाशी पांढरा साका बसेल. कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र राहू शकत नाहीत, हे प्रत्यक्ष दिसेल. साका दिसण्याइतका बसला नाही तर अधिक जड पाण्याचा बोअर शोधावा. धुण्याच्या सोड्याने डोळ्यांना इजा होते, म्हणून तो शिक्षकांनीच हाताळावा.

मिठावरून वय काढता येते का?

हॅलीची कल्पना जॉन जॉली या आयरिश शास्त्रज्ञाने १८९९ साली प्रत्यक्षात आणली. समुद्रातले एकूण सोडियम भागिले नद्यांनी दरवर्षी आणलेले सोडियम, असा भागाकार करून त्याने समुद्राचे वय ८ ते ९ कोटी वर्षे काढले. आज आपल्याला पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे असल्याचे माहीत आहे. जॉलीचा भागाकार बरोबर होता. मग चुकले कुठे?

हाच हिशेब लोणारला लावून पाहू. यातले काही आकडे गृहीत धरलेले आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगावे. या भागात वर्षाला पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर पडतो आणि उघड्या पाण्यावरून दीड मीटरच्या आसपास बाष्पीभवन होते असे धरू. मग सरोवरातून दरवर्षी साडेसोळा लाख घनमीटर पाणी उडून जाते. थेट सरोवरावर पडणारा पाऊस त्यातले पावणेआठ लाख घनमीटर भरून काढतो. उतारांवरून तीन लाख घनमीटर वाहत आले असे समजले, तर उरलेले सुमारे सहा लाख घनमीटर झऱ्यांकडून यायला हवे. वर्षाचे सेकंद करून भागले तर हे दर सेकंदाला सुमारे १९ लिटर होते, म्हणजे सेकंदाला मोठी एक बादली. एका बादलीच्या वेगावर हे सरोवर तग धरून आहे!

झऱ्यांच्या पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम सोडियम धरले, तर वर्षाला सरोवरात ३० टन सोडियम येते. सरोवरात लिटरमागे १० ग्रॅम क्षार आणि त्यातले ४ ग्रॅम सोडियम धरले, तर एकूण सोडियम होते १७,६०० टन. भागाकार करा : सुमारे ६०० वर्षे. विवराचे वय मात्र लाखांत आहे. गृहीत आकडे दुप्पट-तिप्पट बदलले तरी ही दरी भरून येत नाही. जॉलीची अडचण आणि आपली अडचण एकच आहे.

याचा अर्थ दार पूर्ण बंद नाही. सोडियम कुठेतरी जात असले पाहिजे. समुद्रात ते तळाच्या गाळात अडकते, चिकणमातीच्या खनिजांत शिरते आणि उथळ खाड्या आटल्या की मिठाचे थर होऊन जमिनीत गाडले जाते. लोणारमध्येही काही क्षार तळाच्या भेगाळ खडकात मुरत असावेत. काही माणसाने काढून नेले. काही गाळात अडकले, याचा तर पुरावाच आहे. तळाच्या गाळात गेलुसाइट या सोडियम-कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक सापडले आहेत. पाणी खूप आटले तरच ते तयार होतात. गाळाच्या अभ्यासातून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, आणि पुन्हा २००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या काळात ते सापडले. लोणारचा गाळ म्हणजे आपल्या भागातल्या दुष्काळांची एक वहीच आहे.

तेव्हा भागाकारातून आलेले उत्तर वय सांगत नाही. तो पदार्थ त्या पाण्यात सरासरी किती काळ मुक्काम करतो, हे ते सांगते.

मोठ्याचे स्थैर्य, लहानाची चंचलता

मुक्कामाचाच हिशेब पाण्यालाही लावता येतो. लोणारचे ४४ लाख घनमीटर पाणी भागिले वर्षाचे साडेसोळा लाख, म्हणजे पावणेतीन वर्षांपेक्षा किंचित कमी. समुद्रातून वर्षाला सुमारे सव्वाचार लाख घन किलोमीटर पाणी उडून जाते. म्हणजे मुक्काम सुमारे ३१०० वर्षांचा.

दोन्ही पाण्यांच्या स्वभावातला मोठा फरक या दोन आकड्यांत आहे. "चॅलेंजर" जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केले. विल्यम डिटमारने त्यातल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून १८८४ साली निष्कर्ष मांडला. एकूण खारेपण ठिकठिकाणी कमीजास्त असले, तरी मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडे सारखेच आढळले. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्यामुळे बंगालचा उपसागर अरबी समुद्रापेक्षा कमी खारा आहे, पण दोन्हीकडे सोडियम आणि क्लोराइडचे गुणोत्तर तेच. समुद्र इतका मोठा आहे, आणि क्षार त्यात इतका दीर्घ काळ राहतात, की सगळे ढवळून एकजीव होते.

लोणारला अशी चैन नाही. दोन वर्षे पाऊस कमी झाला तर पाणी हटते आणि क्षारता चढते. चांगल्या पावसाळ्यात पाणी काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिराकडे सरकते आणि पाणी पातळ होते. मंदिराजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीत एका बाजूला गोडे आणि दुसऱ्या बाजूला खारे पाणी लागते असे सांगतात. उतारावरून झिरपणारे गोडे पाणी आणि सरोवराचे खारे पाणी यांची सरहद्द तिथे कुठेतरी असणार.

या पाण्यात पूर्वी मासे नव्हते. नेहमी दिसणारा हिरवा रंग स्पिरुलिनासारख्या सूक्ष्म जीवांचा आहे. जून २०२० मध्ये पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि देशभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचे गुलाबी रंगद्रव्य आढळले. पाणी कमी होऊन क्षारता वाढली होती, आणि पुढे पाणी पुन्हा मूळ रंगावर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले.

ज्याला बाहेर वाट नाही

आता त्या नववीतल्या मुलाला काय सांगायचे? "इथे समुद्र नव्हता, पण समुद्र जसा खारा झाला तसेच हे सरोवर खारे झाले," असे सांगता येईल. आणि पुढची गोष्टही सांगायला हवी. ज्या पाण्याला बाहेर वाट नाही, त्यात जे जे जाते त्यातले बरेच तिथेच राहते. हे फक्त मिठापुरते खरे नाही. गावाच्या बाजूने येणारे सांडपाणी, साबण, शेतातली खते हा लोणारबाबतचा अनेक वर्षांचा चिंतेचा विषय आहे, तो याच कारणाने. नदीत टाकलेली घाण पुढच्या गावाला जाते. ते वाईटच, पण ती निदान पुढे जाते. लोणारला पुढचे गाव नाही. स्वच्छ गोडे पाणीसुद्धा प्रमाणाबाहेर आत आले तर इथल्या अल्कधर्मी पाण्याची, आणि त्यावर जगणाऱ्या जीवांची, घडी विस्कटते. एका बादलीच्या हिशेबावर चालणाऱ्या सरोवरात चार-दोन बादल्यांचा फेरही मोठा ठरतो.

समुद्रालाही पुढचे गाव नाही. तो इतका मोठा आहे की काही टाकले तरी त्याला काय फरक पडणार, असे माणसाला फार काळ वाटत आले. पण आपण मघाशी पाहिले, तो एक पातळ पापुद्रा आहे. आपण जाळलेल्या कोळसा-तेलातला बराच कार्बन डायऑक्साइड तो शोषून घेत आला आहे. औद्योगिक युगापूर्वी सुमारे ८.२ असलेला त्याचा सामू आता ८.१ च्या आसपास आला आहे. आकडा बारीक दिसतो, पण हायड्रोजन आयनांचे प्रमाण त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. त्याचा त्रास कार्बोनेटची कवचे बांधणाऱ्या जीवांना पहिल्यांदा होतो.

पुढच्या सहलीला लोणारच्या काठावर उभे राहिलात, की मुलांना आधी एकच काम सांगा : या पाण्याला बाहेर जायला वाट कुठे आहे, ते शोधा. सगळा काठ नजरेने फिरून झाला, की मिठाचा प्रश्न ती स्वतःच सोडवतील.